खिडकी लावून शिजवलेला खिमा

आई, ती खिडकी तू उघडी ठेवली नव्हतीस. लागलेलीच होती, कडी घालून. मी पाहिली होती. घरमालक आपल्याला खोली सोडा म्हणाला ते खिडकीमुळं नाय, माझ्यामुळं. एवढं बोलायला मला वीस वर्षं लागली. त्यातली शेवटची बारा तर तू नव्हतीसच, म्हणजे बोललो असतो तरी शिव्या घालायला कुणी नव्हतं, तरीपण नाय बोललो. आता लिहितोय ते पोरीच्या वहीच्या मागच्या पानांवर. दुपारचा दीड वाजलाय. तुझी सून ऑफिसला, पोरगी शाळेत, तिची पिवळी बस पावणेचारला येती. आज तोवर ह्या घरात मी आणि फ्रीज. दोघांत तोच जास्त बोलतो.

तुला आठवत असेल, श्रीरामपूरच्या त्या खोलीत रविवारी चर्चमधून आलो की आधी खिडकी लागायची, मग दार, मग दाराखालच्या फटीत तू जुनी चादर कोंबायचीस. मग कुठं पप्पांच्या कापडी पिशवीतून स्टीलचा डबा बाहेर यायचा. मोठ्याचा खिमा. आपल्या घरी 'बीफ' कधी कुणी म्हणलं नाय. गुराचं ते मोठ्याचं, बोकडाचं ते छोट्याचं, बास. उन्हाळ्यात त्या बंद खोलीत तू स्टोव्हपुढं बसलेली, पदरानं मान पुसती, आणि मला परीक्षेसारखं विचारती, "कुणी विचारलं काय खाल्लं, तर?" मी म्हणायचो, "छोट्याचं." "आणि नाय विचारलं तर?" "तर गप बसायचं." एकदाच मी तुला उलटं विचारलं होतं, आई, हे वाईट असतं का? तू कांदा परतत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "वाईट नाय. फक्त सांगायचं नाय." शाळेत मला एक धडा कधी पाठ झाला नाय, हे मात्र एका फटक्यात पाठ झालं.

आणि तरी मीच सांगितलं. घरमालकाचा पोरगा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर, रोज माझ्या डब्यातलं खायचा. तू त्या सोमवारी अंड्याची पोळी दिली होतीस, बरोबर? ती मी गुपचूप कुत्र्याला घातली आणि डब्यात आदल्या दिवशीचा उरलेला खिमा भरला. का, तर गंमत. मी तेव्हा कायम गंमतच करत असायचो, सरांच्या खुर्चीला खडू फासायचा, कुणाच्या सायकलची हवा सोडायची, त्यातलीच ही एक असं डोक्यात. त्यानं स्वतःच्या पोळीनं डबा पुसून पुसून खाल्लं. मी विचारलं, "कसं लागलं?" तो म्हणाला, "लई भारी रे. उद्या परत आण." आणि मी हसत हसत म्हणालो, "मोठ्याचं होतं."

मला वाटलं तो हसेल. नायतर एक ठेवून देईल, मग मी पळेन, मग दोघं हसू. तो उठला, नळापाशी गेला आणि घशात बोट घालून उभा राहिला. किती वेळ तरी तसाच. मी मागं उभा होतो, त्याची चप्पल भिजत होती, आणि मला कळेना आता पुढं काय करायचं असतं. गंमतीत पुढचं नेहमी मला माहीत असायचं.

संध्याकाळी घरमालक आला. उंबऱ्याच्या आत पाय नाय टाकला. आवाजसुद्धा चढवला नाय. "वहिनी, वास येतो. लोक बोलायला लागलेत. महिनाअखेरीला दुसरीकडं बघा." पोराचा विषयच काढला नाय त्यानं. मी तुझ्या मागं उभा राहून वाट बघत होतो, आता काढेल, आता काढेल. नाय काढला. तेव्हा मला वाटलं, वाचलो. आता स्वतः बाप झाल्यावर कळतंय, त्याला पोराचं खाणं लपवायचं होतं, मला माझी गंमत लपवायची होती, आणि दोघांच्या मध्ये तू सापडलीस. तू वळून खिडकीकडं पाहिलंस. ती लागलेली होती, पण तू म्हणालीस, "स्वैपाक करताना राहिली असेल जराशी उघडी. माझंच चुकलं."

पुढं पप्पांनी तो धागा काही सोडला नाय. भाडं वाढलं, की खिडकी. कारखान्यापलीकडच्या नव्या खोलीतून तुला हॉस्पिटलात आयाच्या ड्यूटीला चालत जावं लागायचं, गुडघे सुजायचे, तू तेल लावत बसायचीस, तरी पप्पा म्हणायचे, "एक खिडकी लावता येईना तुला, आता भोग." मी तिथंच गणिताचं पुस्तक उघडं धरून बसलेलो असायचो. बरोबर त्याच वेळी मला अभ्यास सुचायचा. त्या खोलीत तू परत कधी खिमा केला नाहीस. मी मागितला की म्हणायचीस, सोयाबीन खा, तसंच लागतं. तसं लागत नाय, आई.

आता इथलं ऐक. तू गेलीस तेव्हा मी बारावी नापास होतो, ती सुधारणा काही झाली नाय. पण चर्चच्या गाण्याच्या गटात एक हुशार पोरगी होती, माझ्या चहाड्या करायची, तिनंच लग्न केलं माझ्याशी. तिला पुण्यात कंपनीत नोकरी लागली, कंपनीनं अमेरिकेला पाठवली, तिच्या व्हिसाला लटकून मी आलो. मॉरिसव्हिल म्हणून गाव आहे. निम्मी बिल्डिंग आपल्याकडची, सगळे सकाळी आठला कामावर. मला काम करायची परवानगी नाय. म्हणजे मी घरी. झाडू, भांडी, पोरगी, स्वैपाक. मित्र म्हणतात, "ऐश आहे यार तुझी." आहे की. परवा मी तुझ्या सुनेच्या ऑफिसच्या पिशवीत रबराची पाल टाकली आणि दिवसभर वाट बघितली फोन कधी येतो. संध्याकाळी ती आली, म्हणाली, मीटिंग होत्या, पिशवी उघडलीच नाय. खोडी काढायला समोर माणूस लागतं, आई. रिकाम्या घरात पाल पण नुसती रबराची राहते.

मागच्या थंडीत हिची शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरीण म्हणाली, भात, पोळी, बटाटा कमी, लो-कार्ब खा, नायतर वर्षभरात गोळ्या सुरू. ही घरी येऊन भाताच्या डब्यावर हात ठेवून रडली. मी हसवायला म्हणालो, "एवढं तर तू आपल्या साखरपुड्यात पण नाय रडलीस." हसली नाय. मग मी मनावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठलातरी विषय मनावर घेतला. फ्लॉवर किसून भात केला, पोरगी म्हणाली, "इट स्मेल्स लाइक सॉक्स." पनीर रोज परवडत नाय, चिकनला चार दिवसांत कंटाळलो, बोकडाचं मटण इथं इतकं महाग की विकत घ्यायचं सोडून नुसतं बघून यायचं. एका पगारात तीन माणसं पोळीशिवाय जेवायला घालायची म्हणजे पोट भरायचं कशानं, हा खरा प्रश्न. पोळीचं हेच मोठेपण, ती स्वस्तात पोट भरते.

शनिवारी इथं शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथं एक म्हातारा शेतकरी, टोपीवाला, ट्रकमागं फ्रीझर लावून बसतो. गुरं त्याची स्वतःची, अर्ध्या तासावरच्या कुरणातली, नुसत्या गवतावर वाढवलेली. त्याचा खिमा गोठवलेल्या पाकिटांत मिळतो, आणि एकदम दहा घेतली की दुकानापेक्षा स्वस्त पडतो. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "बर्गर?" मी म्हणालो, "नो. खिमा." त्यानं दोनतीनदा म्हणून पाहिलं, कीमा, कीमा. आता लांबून दिसलो की ओरडतो, "कीमा!" अख्ख्या बाजारात. पहिल्यांदा ओरडला तेव्हा मी इकडंतिकडं बघितलं, आपल्यातलं कुणी ऐकलं का. एवढ्या लांब येऊन. तुझी सून म्हणाली, "इथं कोण विचारतंय तुला? दुकानात लाइटखाली मांडून विकतात."

तरी पहिल्या दिवशी शिजवायला घेतलं आणि माझे हात आपोआप खिडकीकडं गेले. स्वैपाकघरातली लावली, हॉलमधली लावली. दाराखाली टॉवेल. तुझी पद्धत डोक्यात पक्की, आधी पाणी सुटू दे, मग ते आटू दे, मग तेल सुटलं की मसाला. पाणी आटलं. तेल सुटेना. मी म्हणलं, थांबू, आई थांबायची. पण ह्या गवतावरच्या गुरांच्या अंगाला चरबीच नाय गं, तेल सुटणार कुठून. खाली लागलं, धूर झाला, सगळं बंद असल्यामुळं धुराला जायला वाट नाय, आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा बोंबलला की तीन मजले बाहेर आले. तू वास बाहेर जाऊ नये म्हणून एवढं जपलंस, आणि मी पहिल्याच दिवशी भोंगा वाजवून गावाला कळवलं.

त्या दिवशीच वरच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा दारात आल्या. नागपूरच्या. मुलाकडं सहा महिन्यांसाठी आल्यात, मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, नातू माझ्या पोरीच्याच बसला. त्या नाकाला पदर लावून म्हणाल्या, "काय जाळून राहिला रे बाबू?" मी टॉवेलनं भोंग्याला वारा घालत होतो. तोंडातून आपोआप निघालं, "टर्की, काकू." "म्हणजे ते मोठं कोंबडं?" "हो, तेच." बघ, मोठं तर म्हणालोच.

तेव्हापासून त्या रोज दुपारी येतात, आज तेवढ्या यायच्या नाहीत. मांसमच्छी खात नाहीत, माझ्या घरचं पाणीसुद्धा स्वतःच्या पेल्यातून पितात, मीही कधी आग्रह केला नाय. ती एक गंमत मी पुन्हा कुणाशी केली नाय, ते तुला शपथेवर सांगतो. पण बसतात. दारातल्या खुर्चीवर बसून माझ्या शेजाऱ्याला, भाजीला, राष्ट्राध्यक्षाला, सगळ्यांना नावं ठेवतात. मला म्हणतात, "पुरुषासारखा पुरुष, अन् दिवसभर कांदे कापून राहिला." मी म्हणतो, "काकू, तुमचा मुलगा दिवसभर बटणं दाबतो, माझं निदान खाता तरी येतं." मग हसतात, हलून हलून. दुधी दिसला की हात पुढं करतात, "आण, किसून देतो मी." खिमा पुरवायला तू दुधी घालायचीस ना, पाव किलोत सहा माणसं जेवायची, तसाच घालतो मी. त्यातही कार्ब कमी, म्हणजे तू तेव्हाच डॉक्टरणीच्या पुढं होतीस. काकूंनी किसलेला दुधी मी पिळून खिम्यात मिसळतो, अंडं घालतो, आधी थोडं तेल टाकतो आणि मंद ठेवतो. कधी मुठीत दाबून मुठी वळतो, कधी ढोबळ्या मिरचीत भरतो, कधी कोबीच्या पानात. तुझ्या सुनेची शुगर खाली आली. मागच्या महिन्यात डॉक्टरणीनं गोळ्या नकोत म्हणून सांगितलं. घरात कुणी मला पहिल्यांदा शाबासकी दिली आणि ती सांगायला मी दुपारी काकूंची वाट बघत बसलो होतो.

गेल्या मंगळवारी पोरगी डब्यात खिम्याच्या मुठी घेऊन खाली झोक्यापाशी खेळायला गेली. काकूंचा नातू तिथंच. रिकामा डबा घेऊन आली. मी विचारलं, कुणी खाल्लं? म्हणाली, त्यानं, चार. माझ्या डोळ्यांपुढं एकदम तो नळ, ती भिजलेली चप्पल. मी विचारलं, "काय सांगून दिलंस?" ती म्हणाली, "आय टोल्ड हिम इट्स बीफ. ही सेड, कूल." एवढंच. सहा वर्षांची पोर, आधी सांगितलं, मग दिलं. मला वीस वर्षांपूर्वी फक्त एवढंच करायचं होतं, क्रम बदलायचा होता. पाच मिनिटांत तो नातू स्वतः दारात. बुटाच्या नाड्या सुटलेल्या, दम लागलेला. "अंकल, प्लीज आजीला नको सांगू. आय ईट बर्गर्स ॲट स्कूल. आजीला माहीत नाही." मी म्हणालो, "नाय सांगत." त्यानं करंगळी पुढं केली, मी माझी अडकवली.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या कागद-पेन घेऊन. म्हणाल्या, "पोट्ट्यानं तुझ्याकडचं टर्की खाल्लं म्हणते. काय आवडलं त्याले, रात्रभर तेच. घरी काही खात नाही रे तो. सांग मले कसं करते, सुनेले लिहून देतो." शाळेला सुट्टी होती, पोरगी टेबलाशी चित्र काढत होती. गॅसवर खिमा शिजत होता. काकूंनी चष्मा लावला, पेन धरलं, आणि माझ्याकडं बघायला लागल्या. त्या बघण्यात इतका विश्वास होता की मला आधी वाटलं, सांगून टाकावं. काकू, टर्की नाय ही, मोठ्याचं आहे, आमच्यात खातात, आजोबा-पणजोबांपासून. पण मग नातू पकडला जाणार, करंगळी दिलेली. हे कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की त्या दारातली ती खुर्ची उद्या रिकामी दिसली मला. दीड ते पावणेचार, आणि नुसता फ्रीज.

मी म्हणालो, "लिहा. टर्कीचा खिमा, एक पाकीट." त्यांनी लिहिलं. पोरीनं मान वर केली. "बट बाबा, दॅट्स नॉट—" मी म्हणालो, "बाळा, जा, जरा खिडकी लावून ये."

ती गेली, टाचा उंच करून तिनं खिडकी लावली. मी दुधी, अंडं, आलं-लसूण सगळं खरं खरं सांगितलं. काकू जाताना म्हणाल्या, "तुझ्या आईनं चांगलं शिकवलं तुले." दार लागलं. पोरगी अजून खिडकीपाशीच उभी होती. मग मराठीत विचारलं तिनं, ती मराठीत फार क्वचित बोलते, "बाबा, आपण खातो ते वाईट आहे?"

तुला माहितीय मी काय म्हणालो. मान वर न करता म्हणालो, कांदा परतत होतो. तुझेच शब्द, तुझ्याच आवाजात, एकही इकडचा तिकडं नाय. ती "ओके" म्हणाली आणि चित्र काढायला बसली. पण त्या दिवसापासून मी खिमा काढला की ती न सांगता उठते आणि खिडकी लावून येते. परत येऊन माझ्याकडं बघते, बरोबर केलं ना, म्हणून. मला तिला सांगायचंय की राहू दे उघडी. रोज ठरवतो. मग वरच्या जिन्यावर काकूंच्या चपला वाजतात.

काकू महिन्याभरानं नागपूरला परत जाणार. तोवर चालवीन, मग पोरीला सांगेन, असं म्हणतोय खरं. तुलाही मी असंच म्हणायचो, दहावी झाली की सांगू, नोकरी लागली की सांगू, पप्पांचा राग उतरला की सांगू. तू हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी पडली होतीस, ज्या वॉर्डात तू आयुष्यभर बेडपॅन उचललेस तिथंच, आणि मला म्हणालीस, "घरी जाऊन खिडकी बघ रे, पावसाचं आत येईल." मी खुर्ची पुढं ओढली, आई अशी हाक मारली, तू "काय?" म्हणालीस. मी म्हणालो, लावलीय खिडकी.

बस यायला दहा मिनिटं आहेत. ही पानं फाडून घेतो, नायतर पोरगी वाचायला शिकतेय. एकच मागायचंय. पप्पाही आता दोन वर्षांपासून तिकडंच आहेत, तुझ्याजवळ. अजून तुला खिडकीवरून बोलत असतील, त्यांचा स्वभाव मेल्यानं बदलला नसणार. माझं नाव सांगितलंस तर गप होतील. पण नको सांगूस. मला माहितीय, म्हणजे परत सगळं तुझ्यावरच येतं. तरी नको सांगूस, आई. पाया पडतो. कुणालाच नको सांगूस.